साक्ष देणारे घोडे

२१ सप्टेंबर १९६६. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, कोनी आयलंडच्या समुद्रकिनारी, फ्रेड ट्रम्प या बिल्डरने एक समारंभ ठेवला होता. समोर स्टीपलचेस पार्कचा काच-पोलादाचा प्रचंड मंडप उभा होता, ‘पॅव्हिलियन ऑफ फन’. त्याच्या दर्शनी काचेवर बत्तिशी दाखवत हसणारा एक चेहरा होता. तीच या पार्कची निशाणी. जमलेल्या पाहुण्यांच्या हाती विटा देण्यात आल्या. पाहुण्यांनी त्या चेहऱ्यावर फेकल्या, काचा फुटल्या आणि मग बुलडोझर चालले.

जॉर्ज टिल्यू यांनी १८९७ साली उभारलेलं हे उद्यान. १९०७ मध्ये ते जळालं, तेव्हा त्यांनी धुमसत्या अवशेषांपुढे पाटी लावून ते बघायला दहा सेंट आकारले आणि त्याच जागी पुन्हा उद्यान बांधलं. १९६४ च्या सप्टेंबरात ते कायमचं बंद झालं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने वास्तुवारसा जपण्याचा कायदा केला. त्या कायद्याचं संरक्षण मंडपाला मिळण्याआधीच त्याच्या काचांचा चुरा झाला. ट्रम्प यांना तिथे निवासी मनोरे बांधायचे होते. त्यांना परवानगी मिळाली नाही आणि जमीन अखेर शहराने विकत घेतली. आज त्या जागेवर बेसबॉलचं मैदान आहे.

समजा, त्या पाहुण्यांमध्ये एखाद्या संग्रहालयाचा माणूस असता आणि हातगाडीभर सामान बाहेर काढायची त्याला मुभा मिळाली असती, तर त्याने काय उचललं असतं? काचेवरचा तो चेहरा? रुळांवरून शर्यत धावणाऱ्या यांत्रिक घोड्यांपैकी एक? तिकीट खिडकीतला गल्ला? की कोपऱ्यातल्या कपाटातलं कामगारांचं हजेरीपुस्तक?

मनोरंजन उद्यानांचा इतिहास जपायला निघालेल्या प्रत्येकासमोर हा प्रश्न येतो. राजांच्या तलवारी आणि सरदारांच्या पालख्या जपण्याची व्यवस्था प्रत्येक देशाने केली. कष्टकरी माणसाच्या रविवारची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. कोनी आयलंड हे त्या रविवारचं ठिकाण होतं. १९२० मध्ये न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे तिथवर पोचली आणि पाच सेंट भाड्यात कारखान्यातली मुलगी, गोदीतला हमाल, नुकताच बोटीतून उतरलेला परदेशी कामगार समुद्रापर्यंत येऊ लागला. त्या लाखो माणसांनी तिथे काय पाहिलं, ती कशाला हसली, कशाला घाबरली, हे सांगणाऱ्या वस्तू किती थोड्या उरल्या आहेत! म्हणून त्यातलं काय निवडायचं, हे ठरवताना हात थरथरायला हवा.

माझी कसोटी एकच आहे. संग्रहालयात जाणारी वस्तू साक्षीदार असली पाहिजे. तिने सांगायला हवं, कोणी वापरलं, कोणी चालवलं, आणि कोणाला दाराबाहेर ठेवलं. ती देखणी आहे का, दुर्मीळ आहे का, महाग आहे का, हे प्रश्न त्यानंतरचे.

जे उरतं आणि जे संपतं

कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झालं. त्याच वर्षी तिथे कूपनांची पुस्तिका मिळू लागली. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा प्रतींची कूपनं, प्रत्येक प्रतीच्या राइड ठरलेल्या. पुढच्या वर्षी ‘डी’ आलं, १९५९ मध्ये ‘ई’. ‘ई’ म्हणजे सगळ्यांत थरारक, नव्या, मोठ्या राइड. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली.

आता कुटुंब दिवसभर फिरून घरी परतलं की पुस्तिकेत काय उरलेलं असे? ‘ई’ कूपनं सकाळीच संपलेली असत. उरत ती बहुधा ‘ए’ आणि ‘बी’, ज्यांच्यासाठी मुलं रांगेत उभी राहायला तयार नसत. ती खणात पडून राहत आणि वर्षांनी माळ्यावर सापडत. म्हणजे जे सगळ्यांना हवं होतं ते वापरलं गेलं आणि संपलं. जे कोणाला फारसं नको होतं ते सुखरूप राहिलं. नुसत्या उरलेल्या कूपनांवरून इतिहास लिहायला बसलं, तर सगळ्यांत ओस राइडच सगळ्यांत लोकप्रिय होत्या असं वाटेल.

ही गोष्ट सगळ्याच आठवणवस्तूंना लागू आहे. प्लास्टिकच्या वेष्टनातून कधीच न काढलेली बाहुली वर्षानुवर्षं कोरी राहू शकते, कारण तिच्याशी कोणी खेळलेलंच नसतं. संग्राहकांच्या बाजारात तिला अधिक किंमत मिळते. संग्रहालयाने मात्र कानाकोपरा झिजलेली बाहुली आधी पाहावी, आणि ती कुठल्या मुलीने कुठल्या वर्षी कोणाबरोबर जाऊन घेतली हे कळत असेल, तर तीच घ्यावी. वस्तूसोबत तिची हकिकत आली नाही, तर भांडारात एक आकडा तेवढा वाढतो.

बाजारभाव आणि मोल यांचं कायम वैरच असतं असं नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात डिस्नेलँडचा १९५३ सालचा हाताने काढलेला मोठा नकाशा सात लाख आठ हजार डॉलरला गेला. वॉल्ट डिस्ने यांनी चित्रकार हर्ब रायमन यांना बोलावून घेतलं, मनातलं उद्यान तोंडी सांगितलं आणि शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत रायमन यांनी ते कागदावर उतरवलं. वॉल्ट यांचे बंधू रॉय हे चित्र घेऊन भांडवल उभं करायला न्यूयॉर्कला गेले. जमिनीवर एकही वीट रचली नव्हती तेव्हा पैसेवाल्यांना या कागदाने उद्यान दाखवलं. त्या नकाशाचं मोल त्याने केलेल्या या कामात आहे. हेच चित्र वीस वर्षांनी शोभेसाठी कोणी काढलं असतं, तर ते कितीही सुबक असो, साक्षीदार ठरलं नसतं. पहिल्या दिवसाचं पहिलं तिकीट रॉय यांनी एक डॉलरला विकत घेतलं होतं. १९७० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या अभिलेखागारात ते आजही जपलेलं आहे. तो कागदाचा तुकडाही याच अर्थाने मोलाचा आहे, कारण त्याच्यावरचा क्रमांक आणि ते घेणारा माणूस या दोन्हींची नोंद आहे.

एका घोड्यावरचं नाव

माझ्या कसोटीला पूर्णपणे उतरलेली वस्तू वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावरची आहे. ते एक मेरी-गो-राउंड आहे, १९४७ साली अ‍ॅलन हर्शेल कंपनीच्या कारखान्यात बनलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाताने कोरलेल्या घोड्यांची नजाकत त्यात नाही, आणि निव्वळ कारागिरी तोलणाऱ्याने ते मागच्या रांगेत ठेवलं असतं. पण ते आधी कुठे होतं, हे विचारलं पाहिजे.

ते मूळचं बाल्टिमोरच्या वेशीवरच्या ग्विन ओक पार्कचं. या पार्कमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तिथे दरवर्षी ‘सर्व राष्ट्रांचा दिवस’ साजरा होई, वेगवेगळ्या देशांचे नाच-गाणी-पदार्थ असत, आणि त्या दिवशीही शेजारच्या वस्तीतली काळी मुलं फाटकाबाहेर असत. १९५५ पासून तिथे निदर्शनं सुरू झाली. वर्षामागून वर्षं निदर्शक येत, त्यांना हुसकावलं जाई, अटक होई. ४ जुलै १९६३ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पावणेतीनशेहून अधिक लोकांनी स्वतःला अटक करून घेतली. त्यांत कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू धर्मगुरूही होते. तीन दिवसांनी पुन्हा निदर्शनं झाली, पुन्हा अटका झाल्या. अखेर मालकांनी माघार घेतली.

२८ ऑगस्ट १९६३ ला फाटक सगळ्यांसाठी उघडलं. त्याच दिवशी तिथून साठेक किलोमीटरवर, वॉशिंग्टनमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग लाखोंच्या मोर्चासमोर बोलत होते. इकडे ग्विन ओकमध्ये अकरा महिन्यांच्या शेरॉन लँगली हिला तिच्या वडिलांनी मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर बसवलं. त्या उद्यानात राइडवर बसलेलं ते पहिलं कृष्णवर्णीय मूल. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत तिचं छायाचित्र आलं.

१९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळाने उद्यानाची इतकी नासधूस झाली की ते पुन्हा उघडलंच नाही. बाकीचं सगळं गेलं. मेरी-गो-राउंड वाचलं आणि १९८१ मध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयांसमोर, मॉलवर आलं. ज्या मैदानावर तो मोर्चा भरला होता, त्याच मैदानावर हे घोडे फिरू लागले. त्यांतल्या एका घोड्यावर शेरॉन लँगलीचं नाव आहे. मोठी झाल्यावर तिने स्वतः या दिवसाची गोष्ट मुलांसाठीच्या पुस्तकात सांगितली; २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. २०२३ मध्ये मेरी-गो-राउंड दुरुस्तीसाठी उतरवण्यात आलं, तेव्हा चार दशकं त्यावर मुलं बसत आली होती.

हा घोडा निवडायला कलेतिहासाची पदवी लागत नाही. पण तो निवडण्यासाठी कोणीतरी त्या दिवसाची तारीख, त्या मुलीचं नाव आणि ते छायाचित्र सांभाळून ठेवावं लागतं. कागद हरवले असते, तर भंगारवाल्याच्या लेखी तो इतर घोड्यांसारखाच एक घोडा होता. वस्तू आणि तिची नोंद वेगळ्या झाल्या की दोन्ही मुक्या होतात.

रंगाचे थर

जुन्या मेरी-गो-राउंडच्या घोड्यांना हिवाळ्यात नवा रंग मिळत असे. हंगाम संपला की मालक आपल्या माणसांकडून घोडे रंगवून घेत, हाताशी असेल तो रंग, जमेल तशी रेघ. असे वर्षानुवर्षांचे थर एकावर एक चढत आणि मूळ कारागिराने कोरलेली आयाळ, खोगिराची नक्षी, डोळ्यांतली चमक त्यांखाली बुजून जाई.

मग संग्रहालयासमोर प्रश्न येतो, खरा घोडा कोणता? १९२२ चा, की १९५० च्या हिवाळ्यात कुणा नोकराने निळा केलेला?

ओहायोतल्या यंगस्टाउन गावी आयडोरा पार्क होतं. तिथलं मेरी-गो-राउंड १९२२ साली फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीने बनवलेलं. १९७५ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत ते आलं. त्या यादीत जागा मिळवणारं ते पहिलं मेरी-गो-राउंड. १९८४ च्या एप्रिलमध्ये आग लागली, उद्यानाची कंबर मोडली आणि त्याच वर्षी लिलाव झाला. त्या काळात सुट्या घोड्यांना लोककलेच्या बाजारात चांगला भाव होता. एक-एक घोडा दिवाणखान्यात जाई आणि मेरी-गो-राउंड कायमचं विखुरलं जाई. आयडोराच्या बाबतीतही तेच होणार होतं. पण जेन आणि डेव्हिड वॉलेंटास या दांपत्याने ते सगळंच्या सगळं ३ लाख ८५ हजार डॉलरला घेतलं.

जेन वॉलेंटास यांनी पुढची दोन दशकं त्या घोड्यांवर काम केलं. बारीक धारदार पातीने त्या एकेक थर खरवडत गेल्या आणि खाली सापडलेले मूळ रंग नोंदवून त्यांनी त्याबरहुकूम घोडे रंगवले. २०११ मध्ये ब्रुकलिन पुलाजवळ, नदीकाठी, काचेच्या मंडपात ते फिरू लागलं.

हे काम मला फार मोठं वाटतं. तरीही एक गोष्ट बोलायला हवी. खरवडून काढलेले थर हीसुद्धा साक्षच होती. मंदीच्या वर्षांत रंग स्वस्त होता की महाग, कोणत्या वर्षी कोणता रंग लोकांना आवडला, दुरुस्तीला पैसे होते की नव्हते, हे त्या थरांत लिहिलेलं होतं. म्हणून जाणते जतनकार सगळा घोडा स्वच्छ करण्याआधी त्याच्या पोटाखाली किंवा आतल्या बाजूला एक छोटा चौकोन तसाच ठेवतात, थरांची छायाचित्रं काढतात, प्रत्येक रंगाची नोंद करतात. धावत्या मेरी-गो-राउंडला नवा रंग द्यावाच लागतो, कारण मुलांच्या बुटांना आणि उन्हाला जुना रंग पुरत नाही. संग्रहालयात मात्र एक तरी घोडा न खरवडता, सगळ्या थरांसकट ठेवायला हवा.

कोनी आयलंडच्या घोड्यांची वंशावळ याहून लांब जाते. मार्कस चार्ल्स इलियन्स हा लिथुआनियातून आलेला ज्यू कारागीर. पूर्व युरोपातले असे कारागीर प्रार्थनागृहातल्या पवित्र कपाटांवर सिंह कोरत. अमेरिकेत आल्यावर त्यांच्यातल्या काहींनी त्याच हातांनी उधळणारे घोडे कोरले. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने हे सिंह आणि हे घोडे एकाच प्रदर्शनात शेजारी-शेजारी मांडले. इलियन्सने अब्राहम लिंकनच्या जन्मशताब्दीनिमित्त १९०९ साली कोरलेला घोडा कोनी आयलंडच्या ‘बी अँड बी’ मेरी-गो-राउंडमध्ये आहे. २००५ मध्ये शहराने ते विकत घेतलं, दुरुस्त केलं, आणि २०१३ पासून ते कोनी आयलंडमध्येच पुन्हा फिरतं आहे.

सगळ्यांना असं घर मिळालं नाही. स्टीपलचेसमधलं ‘एल डोराडो’ हे १९०७ साली जर्मनीत हुगो हासे यांनी बनवलेलं भव्य मेरी-गो-राउंड. १९११ मध्ये ते कोनी आयलंडला आलं. उद्यान बंद पडल्यावर जपानी मालकांनी ते घेतलं आणि १९७१ पासून टोकियोच्या तोशिमाएन उद्यानात ते फिरलं. २०१० मध्ये जपानमध्ये त्याला यांत्रिकी वारशाचा दर्जा मिळाला. ३१ ऑगस्ट २०२० ला तोशिमाएनही बंद झालं. आज त्या जागेवर हॅरी पॉटरचा स्टुडिओ आहे आणि ‘एल डोराडो’ सुटं करून ठेवलेलं आहे. तीन देश, दोन बंद पडलेली उद्यानं, आणि सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावर आलेले ते घोडे. त्यांना पुन्हा फिरायला जागा मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

जे बघवत नाही

आनंदाच्या जागांचा इतिहास नुसता आनंदाचा नसतो. १९०३ मध्ये कोनी आयलंडचं लूना पार्क हे उद्यान अडीच लाख दिव्यांनी उजळलं. १९०४ च्या हंगामात तिथे दिल्लीचा देखावा उभारला गेला, हत्ती, उंट आणि दरबारी मिरवणूक. त्या मिरवणुकीत भारतीय म्हणून चालणाऱ्या माणसांची नावं जाहिरातींवर नव्हती. १९०५ मध्ये फिलिपाइन्समधल्या बोंटोक इगोरोत जमातीची माणसं लूना पार्कमध्ये प्रदर्शनात ठेवली गेली. तिकीट काढून लोक त्यांना जेवताना, नाचताना बघत. त्यांना आणणाऱ्या ट्रुमन हंटवर पुढे खटले झाले.

अशा प्रदर्शनांची भित्तिपत्रकं, तिकिटं, छायाचित्रं संग्रहालयाने घ्यावीत का? घ्यावीतच. पण ती खेळण्यांच्या आणि टोप्यांच्या शेजारी रंगीत शोभा म्हणून मांडू नयेत. शेजारी त्या माणसांची नावं, त्यांच्या गावाचं नाव, त्यांच्याशी झालेला करार आणि तो कसा मोडला गेला, हे असायला हवं. आणि त्यांच्या वंशजांना विचारल्याशिवाय हे प्रदर्शन उभं राहू नये.

याच किनाऱ्यावर एक वेगळी खोलीही होती. मार्टिन कूनी नावाचे गृहस्थ अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या उबदार पेट्यांमध्ये ठेवत आणि पंचवीस सेंट घेऊन लोकांना ती बाळं बघू देत. त्या काळी बहुतेक रुग्णालयांत अशा पेट्या नव्हत्या. आईबापांकडून कूनी एक पैसा घेत नसत; परिचारिकांचा पगार, दूध, औषधं सगळं तिकिटांच्या पैशातून चाले. १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं हे कोनी आयलंडमध्ये चाललं. वाचलेल्या बाळांची संख्या साडेसहा हजारांच्या आसपास सांगितली जाते. ज्या गर्दीने माणसांना प्राण्यांसारखं पाहिलं, तिच्यातल्याच कुणाच्या पंचवीस सेंटांनी एखाद्या बाळाचा श्वास चालू ठेवला. त्यातली एक पेटी आणि इगोरोतांचं भित्तिपत्रक एकाच दालनात असायला हवं. त्या काळाला समजून घ्यायचं तर दोन्हींसमोर उभं राहावं लागतं.

दालनात न मावणारं

रोलर कोस्टर संग्रहालयाच्या दारातून आत येत नाही. कोनी आयलंडचा ‘सायक्लोन’ २६ जून १९२७ ला सुरू झाला. सत्तरच्या दशकात तो पाडायचा घाट घातला गेला, लोकांनी हाक दिली, आणि १९८८ मध्ये त्याला शहराचं संरक्षण मिळालं. १९२० चं ‘वंडर व्हील’ आणि २५० फुटी ‘पॅराशूट जंप’ यांना १९८९ मध्ये. पॅराशूट जंपवरून आता कोणी उडी घेत नाही. पण स्टीपलचेसच्या सगळ्या पसाऱ्यातून तेवढंच जागेवर उभं आहे. इंग्लंडमधल्या मार्गेटला ड्रीमलँडचा १९२० सालचा लाकडी ‘सीनिक रेल्वे’ २००८ च्या आगीत अंशतः जळाला, तरी गावाने तो सोडला नाही. २०१५ मध्ये तो पुन्हा धावला. अशा राइड त्यांच्या जागी, चालत्या अवस्थेत राखणं हेच त्यांचं संग्रहालय.

जे हलवता येतं त्यातला नमुना घ्यावा. २००५ मध्ये डिस्नेलँडच्या पन्नाशीला स्मिथसोनियनने ‘डंबो’ या उडत्या हत्तींच्या राइडमधला एक हत्ती घेतला. एका आसनावरून राइड कळते: मूल कुठे बसे, आई कुठे, हात कुठे धरायचे. आणि असा एकेक नमुना घेतानाही विचारायला हवं, आपल्याला हे सांभाळता येईल का. फायबर आणि रबर वर्षांत ठिसूळ होतात, जुन्या रंगात शिसं असतं, समुद्राची खारी हवा लोखंड खाते. २०१२ च्या सँडी वादळात समुद्र कोनी आयलंडमध्ये शिरला आणि १९५५ च्या ‘स्पूक-ए-रामा’ या भुताच्या राइडचं मोठं नुकसान झालं. जागा आणि पैसा नसताना वस्तू आत घेणं म्हणजे तिचा नाश काही वर्षं पुढे ढकलणं.

कागद मात्र सहज मावतो आणि त्याला सगळ्यांत कमी मान मिळतो. राइडचे आराखडे, दुरुस्तीची वही, वंगणाचा हिशेब, अपघाताची नोंद, पगारपत्रक. रात्री उद्यान बंद झाल्यावर कोण बोल्ट आवळत होतं, हे पोस्टरमधून कधी कळत नाही, वहीतून कळतं. निवडायला मला एकच गोष्ट दिली, तर मी ती वही उचलेन.

आणि आवाज. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘कोनी आयलंड हिस्टरी प्रोजेक्ट’ने जुन्या कामगारांच्या, फेरीवाल्यांच्या, तिथे राहणाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्या इंग्रजीबरोबरच रशियन, स्पॅनिश आणि चिनी भाषांतही. त्यांच्या छोट्या दालनात स्टीपलचेसचा यांत्रिक घोडा आहे, स्पूक-ए-रामाचा एकडोळ्या राक्षस आहे. पण त्यांचं खरं धन त्या आवाजांत आहे, कारण तो घोडा धावताना कसा हेलकावायचा हे आता त्यावर बसलेला माणूसच सांगू शकतो.

आपल्या हातातलं

हे सगळं वाचताना मला पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर आठवतात, कवी अज्ञातवासी. अडकित्ते, दिवे, वज्र्या, दारं, वाद्यं अशा रोजच्या घरातल्या वस्तू त्यांनी १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून जमवल्या, आणि दिवंगत मुलाच्या नावाने उभं केलेलं संग्रहालय महाराष्ट्र शासनाला दिलं. त्या काळी अडकित्ता कोण संग्रहालयात ठेवणार होतं? केळकरांनी त्यात घर पाहिलं, हात पाहिले. तीच नजर आता आपल्या करमणुकीच्या वस्तूंकडे वळायला हवी.

दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये उघडलं, आशियाई स्पर्धांच्या हत्तीच्या नावाने, आणि २००८ मध्ये बंद झालं. १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड दोन-तीन पिढ्यांच्या शालेय सहलींचं ठिकाण झालं. खाडी ओलांडायला बोटीत बसावं लागे आणि पोरांचा दिवस तिथूनच सुरू होई. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ मध्ये ‘फुलराणी’ ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. त्याआधीपासून आणि त्यानंतरही गावोगावच्या जत्रांमध्ये आकाशपाळणे आहेत, मौत का कुआँ आहे, तंबूतले सिनेमे होते. ते सिनेमे आणि त्यांचे प्रोजेक्टर कसे भंगारात गेले, हे २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने पडद्यावर नोंदवून ठेवलं.

यातलं काय जपायचं? फुलराणीचं मापाबरहुकूम केलेलं रेखाटन, तिच्या चालकाची मुलाखत, दुरुस्तीच्या नोंदी आणि एक वापरलेलं तिकीट. पाळणेवाल्या कुटुंबाच्या फिरस्तीचा नकाशा: कोणत्या महिन्यात कोणत्या देवाची जत्रा, पाळणा कोणत्या ट्रकमधून, उभारायला किती माणसं, जागेचं भाडं किती. मौत का कुआँमध्ये मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांची नावं. सहलीला जाताना पैसे न भरता आल्यामुळे मागे राहिलेल्या मुलांची आठवणसुद्धा, कारण दाराबाहेर कोण राहिलं हा प्रश्न आपल्यालाही टळत नाही.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. घरातल्या अल्बममधला जत्रेतला किंवा एस्सेलवर्ल्डचा फोटो काढा आणि मागे पेन्सिलीने वर्ष, ठिकाण आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव लिहा. राइड चालवलेला, तिकीट फाडलेला, पाळणा जोडलेला माणूस ओळखीत असेल, तर मोबाइल पुढे ठेवून त्याला बोलतं करा. जिल्ह्याच्या संग्रहालयांनी मंदिर-किल्ल्यांच्या शेजारी जत्रेचं एक कपाट ठेवावं आणि उद्यानांच्या मालकांनी राइड भंगारात काढण्याआधी निदान वह्या आणि आराखडे त्यांच्या हवाली करावेत.

पोटाला चिमटा काढून साठवलेल्या पैशातून माणसांनी विकत घेतलेला आनंद हा समाजाच्या इतिहासाचा भाग आहे, लढाया आणि तहांइतकाच. तो इतिहास लिहायला पुरावा लागतो, आणि आपल्याकडचा बराचसा पुरावा अजून माणसांच्या घरात आणि आठवणीत शाबूत आहे. विटा फेकल्या जाण्याची वाट न पाहता तो आत्ताच गोळा केला पाहिजे.